उपग्रहाला रस्ता माहीत नसतो

जानेवारी २०२१. पुण्याकडून तिघे जण गाडीने कळसूबाईच्या ट्रेकला निघाले होते. मध्यरात्र उलटून गेली होती. मोबाइलमधल्या नकाशाने त्यांना कोतूळमार्गे अकोले गाठणारा रस्ता दाखवला. रस्ता खरा होता, त्यावरचा पूलही खरा होता. पण पिंपळगाव खांड धरणात पाणी चढलं की हा पूल बुडतो. वर्षातले साधारण आठ महिने त्यावरून वाहतूक चालते आणि चार महिने त्यावर पाणी असतं. कोतूळच्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. अंधारात बाहेरून आलेल्याला मात्र ते कळण्याची सोय नव्हती. गाडी सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला.

‘जीपीएसनं घात केला’, असंच नंतर सगळीकडे बोललं गेलं. वास्तविक जीपीएसने त्या रात्रीही आपलं काम चोख केलं होतं. गाडी पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आहे, एवढंच ते सांगतं. तिथे रस्ता आहे की शेत, पूल आहे की पाणी, याची त्याला गंधवार्ता नसते.

मग ही माहिती नेमकी कुठून येते? नेव्हिगेशन बरं की कागदी नकाशा, या वादात शिरण्याआधी या प्रश्नाचा छडा लावलेला बरा.

जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसेक जीपीएस उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह अखंड दोनच गोष्टी पुकारत असतो: मी कुठे आहे, आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. हा संदेश जमिनीवर पोहोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा हिस्सा लागतो. किती वेळ लागला यावरून फोन उपग्रहाचं अंतर काढतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते. चौथा लागतो तो फोनच्या स्वतःच्या साध्या घड्याळाची चूक काढायला. चूक काढणं भागच असतं, कारण प्रकाश सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात ३०० मीटर जातो. घड्याळ तेवढं जरी चुकलं, तरी शनिवारवाड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला फोन मुठेच्या पलीकडे दाखवू शकतो.

या हिशेबात आइन्स्टाइनही येतो. एवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा जलद चालतं. उपग्रहाच्या वेगामुळे ते थोडं मंदही होतं. दोन्हींची वजाबाकी केली, तर दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केली नाही, तर जागेतली चूक एका दिवसात दहाएक किलोमीटरवर जाईल. सापेक्षतेचा सिद्धान्त रोजच्या व्यवहारात कुठे उपयोगी पडतो, असं विचारणाऱ्याला एवढं एक उदाहरण पुरे.

यातली एक गोष्ट बऱ्याच चालकांना ठाऊक नसते. हा सगळा कारभार एकतर्फी आहे. उपग्रह बोलतो, फोन ऐकतो. फोन उलट काही पाठवत नाही, त्यामुळे मोबाइलची रेंज नसली तरी जागा कळते. ताम्हिणीत रेंज गेल्यावर ‘जीपीएस बंद पडलं’ म्हणतात, तेव्हा जीपीएस चालूच असतं. बंद पडलेलं असतं ते इंटरनेटवरून येणारं नकाशाचं चित्र. पांढऱ्या पडद्यावर निळा ठिपका एकटाच पुढे सरकत राहतो, तेव्हा उपग्रहाला किती माहिती असते ते डोळ्यांनी दिसतं.

नकाशा ही निराळी वस्तू आहे, आणि गाडीतला बोलका वाटाड्या आधी नकाशाच्या जोरावर उभा राहिला, उपग्रहाच्या नव्हे. १९८५ साली कॅलिफोर्नियात ‘ईटॅक नॅव्हिगेटर’ नावाचं यंत्र विकायला आलं. जीपीएस तेव्हा अर्धवट अवस्थेत होतं. पूर्ण क्षमतेने ते १९९५ साली सुरू झालं. ईटॅकने उपग्रहाचा आधारच घेतला नाही. चाकं किती फिरली आणि होकायंत्र काय म्हणतं, यावरून गाडी कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो नकाशावरच्या रस्त्याशी ताडून पाहायचा, एवढीच युक्ती. नकाशे कॅसेटवर असत. गाणी ऐकायच्या कॅसेटसारख्याच दिसणाऱ्या त्या कॅसेट शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना बदलाव्या लागत.

ताडून पाहायची ती युक्ती आजही तशीच आहे. उपग्रहावरून काढलेली जागा काही मीटरने इकडेतिकडे असतेच. मग फोन तो ठिपका उचलून जवळच्या रस्त्यावर बसवतो. दोन रस्ते शेजारी शेजारी, किंवा एकाखाली एक असले, की इथेच गोंधळ होतो. त्यातून उंची मोजण्यात जीपीएस मुळातच कच्चं. उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं, हा मुंबई-पुण्यातला रोजचा घोळ याच्यातूनच होतो. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक महिला पुलावरून जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याला लागली. तो रस्ता जेट्टीवर संपत होता, आणि गाडी खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवलं. या घोळावर भारतातून इतकी ओरड झाली, की २०२४ साली गूगलने पुढे उड्डाणपूल आहे, अशी आगाऊ सूचना देण्याची सोय इथल्या नकाशात आणली.

नकाशातच चूक असली, तर उपग्रह कितीही अचूक असून उपयोग नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी जाहीर इशारा दिला होता. ॲपलच्या नव्या नकाशाने मिल्डुरा हे शहर त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवलं होतं. उन्हाळ्यात ४६ अंशांपर्यंत तापणाऱ्या त्या ओसाड प्रदेशात अनेक जण जाऊन अडकले. जवळ पाणी नाही आणि फोनला रेंज नाही. त्यांतला प्रत्येक जण नकाशाने सांगितलेल्या ठिकाणी काटेकोरपणे पोहोचला होता.

कधी घोटाळा लिहिणाऱ्याच्या बोटात असतो. २००९ साली स्वीडनचं एक जोडपं इटलीतल्या काप्री बेटाला निघालं, यंत्रात नाव टंकताना दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि उत्तरेतल्या कार्पी या औद्योगिक गावात पोहोचलं. काप्री तिथून साडेसहाशे किलोमीटरवर. बेटावर जायला समुद्र कसा लागला नाही, असा प्रश्न त्यांना वाटेत पडला नाही, याचं तिथल्या अधिकाऱ्यांनाही नवल वाटलं. महाराष्ट्रात तर ही चूक करायला अक्षरं बदलायचीही गरज नाही. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव ही नावं जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात, त्यांत पुन्हा बुद्रुक आणि खुर्द. लग्नपत्रिकेवरचं नुसतं ‘वडगाव’ फोनमध्ये टाकणाऱ्याने तालुका पाहिला नाही, तर तो भलत्याच मांडवात जेवून येईल.

या सगळ्यांत सर्वांत गंभीर प्रकरण उत्तर प्रदेशातलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या पुलावरून एक गाडी खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. मोबाइलमधल्या नकाशावर पूल अखंड होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर, आणि सोबत गूगल मॅप्सच्या अधिकाऱ्यावरही. नकाशा बनवणाऱ्याला जबाबदार धरावं का, हा प्रश्न त्यामुळे भारतात पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे चर्चेत आला. पण त्या पुलाच्या तोंडाशी मजबूत अडथळा असता, तर नकाशा चुकीचा असूनही गाडी थांबली असती. नकाशा कागदी असो की काचेवरचा, रस्ता बंद करण्याचं काम त्याच्यावर सोपवता येत नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस वाहून गेल्या, तो प्रसंग वेगळा. ती घटना काही क्षणांची होती, तिची खबर कुठल्याच नकाशाला असणं शक्य नव्हतं. तुटून कित्येक महिने उलटलेल्या पुलाला ही सबब लागू होत नाही.

आजच्या ॲपमध्ये उपग्रह आणि नकाशा यांच्यावर तिसरा थर असतो, तो रहदारीचा. रस्ता लाल दिसतो, तो आकाशातून कुणी पाहिला म्हणून नव्हे. त्या रस्त्यावरचे फोन हळू सरकताहेत, हे कंपनीच्या संगणकाला कळतं म्हणून. बर्लिनमधल्या सिमोन वेकर्ट या कलावंताने २०२० साली याची मजेदार परीक्षा घेतली. एका हातगाडीत ९९ चालू फोन भरून तो रिकाम्या रस्त्यांवरून रमतगमत चालत गेला. तो जाईल तो रस्ता गूगलच्या नकाशावर लाल होत गेला. ‘पर्यायी रस्ता, चार मिनिटं वाचतील’ असं ॲप सांगतं, तेव्हा ही चार मिनिटं अशा अंदाजातून आलेली असतात. तो पर्यायी रस्ता ज्यांच्या दारावरून जातो, त्यांचं काय? न्यू जर्सीतल्या लिओनिया या गावाने जानेवारी २०१८ मध्ये आपले साठेक रस्ते गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केले, ते ॲपच्या सांगण्यावरून गल्लीबोळांत शिरणाऱ्या गाड्यांना कंटाळूनच.

आता कागदाकडे वळू. कागदी नकाशाविषयी हल्ली फार हळवेपणाने बोललं जातं, आणि त्यात थोडं ढोंगही असतं. युरोप-अमेरिकेत मोटारीबरोबरच रस्त्यांचे नकाशे घरोघरी गेले. टायर विकणाऱ्या मिशेलिनने फ्रान्सच्या रस्त्यांचे नकाशे १९१० पासून छापले, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर ते फुकट वाटले जात. आपल्याकडे तसं घडलं नाही. वास्तविक नकाशे आपल्याकडे नव्हते असं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजून भारताची महान त्रिकोणमितीय पाहणी सुरू केली. ते काम करत करत तो विदर्भापर्यंत आला आणि १८२३ साली हिंगणघाटला वारला. पण या पाहणीतून घडलेले टोपोशीट, म्हणजे भूप्रदेशाचे तपशीलवार नकाशे, गाडीवाल्यांसाठी कधीच नव्हते. किनाऱ्यालगतचे आणि सरहद्दीजवळचे अनेक टोपोशीट तर सामान्य माणसाला मिळतच नसत, आणि कोकण सगळं किनाऱ्यालगतच. सर्वांसाठी वेगळी, खुली नकाशामालिका काढण्याचं धोरण आलं २००५ मध्ये. नकाशे बनवण्यावरचे बहुतेक निर्बंध उठले ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. तोवर खासगी कंपन्यांनी बऱ्यापैकी काम केलं. टीटीकेचे राज्यांचे नकाशे आणि आयशरची शहरांची जाड पुस्तकं कित्येक गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये असत. तरीही मराठी मुलखातल्या प्रवासाची खरी पद्धत होती विचारत विचारत जाण्याची.

त्या पद्धतीला कमी लेखण्याचं कारण नाही. फाट्यावरच्या टपरीवाल्याला विचारलं, की ‘सरळ जा, पुढं तिठा लागंल, तिथनं उजवीकडं’ एवढ्यावर तो थांबत नाही. ‘पण आज नका जाऊ, काल दरड आली’, हेही तो सांगतो. कोतूळच्या पुलाची बातमी ज्याच्याकडे नक्की होती, तो हा माणूस. रात्री दीड वाजता तो भेटत नाही, ही त्याची अडचण. शिवाय माहीत नसलं तरी ‘माहीत नाही’ म्हणायचं त्याच्या जिवावर येतं, हेही कबूल करायला हवं.

कागद खोटं बोलत नाही, हा आणखी एक गैरसमज. १९३० च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग या अमेरिकन कंपनीने आपला नकाशा कुणी चोरला तर पकडता यावा, म्हणून न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ॲग्लो नावाचं नसलेलं गाव घुसडलं. काही वर्षांनी रँड मॅकनॅली या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नकाशातही ते दिसलं. चोर सापडला असं वाटलं, तर निघालं भलतंच. दरम्यान त्या जागी कुणीतरी दुकान काढलं होतं, आणि नकाशात नाव आहे म्हणून दुकानालाही ॲग्लोचंच नाव दिलं होतं. खोट्या गावाला खरं दुकान मिळालं.

शिवाय कागद छापखान्यातून बाहेर पडला, की त्याच दिवसापासून शिळा होऊ लागतो. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. मुंबई-पुणे-बेंगळुरूचा ४ नंबर ४८ झाला, गोव्याचा १७ नंबर ६६ झाला. ट्रकवाले अजून ‘एनएच फोर’च म्हणतात, पाट्यांवर वेगळंच लिहिलेलं, आणि जुन्या नकाशावर तिसरंच. नागपूरला जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उघडत जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याआधीच्या छापील नकाशात तो शोधून सापडणार नाही. गाडीत एकटाच चालक असेल, तर रात्री कागद वाचायचा तरी कसा? अनोळखी शहरात शिरताना, एकदिशा मार्गांच्या जाळ्यातून लॉजपर्यंत पोहोचताना फोनची सर कागदाला येत नाही. इथे वादच संपतो.

पण निघण्याआधीचा अर्धा तास कागदाचा. पुण्याहून महाडला जायचं असेल, तर फोन एक निळी रेघ काढतो. फार तर शेजारी दोन करड्या रेघा. टेबलावर पसरलेल्या नकाशात सह्याद्रीची आख्खी धार एका नजरेत येते: वरचा ताम्हिणी, मधला भोरहून उतरणारा वरंधा, खालचा महाबळेश्वरहून पोलादपूरला जाणारा आंबेनळी. एक घाट बंद निघाला, तर दुसरा किती लांब आहे, मध्ये कुठलं गाव लागतं, पेट्रोल कुठे भरून घ्यावं, हे सगळं तिथेच ठरतं. गेली काही वर्षं पावसाळ्यात वरंधा घाट बंद ठेवण्याचे आदेश निघताहेत. ॲपवर ते दिसतीलच याची खात्री नाही, पण वरंध्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे हे डोक्यात असलेला माणूस भोरला अडकून बसत नाही.

‘डोक्यात असलेला’ ही नुसती बोलायची गोष्ट नाही. जपानमध्ये तोरू इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना जीपीएस देऊन, काहींना कागदी नकाशा देऊन, तर काहींना रस्ता एकदा प्रत्यक्ष दाखवून शहरात पायी ठरावीक ठिकाणी जायला सांगितलं. जीपीएसवाले बाकी दोन्ही गटांपेक्षा जास्त अंतर चालले आणि जास्त वेळा थांबले. ज्यांनी रस्ता आधी पाहिला होता त्यांच्या तुलनेत त्यांच्या दिशेच्या अंदाजात चुका जास्त होत्या, आणि नंतर काढायला सांगितलेली कच्ची आकृतीही ओबडधोबड होती. कॅनडातल्या लुइसा दहमानी आणि वेरोनिक बोबो यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काही चालकांची तीन वर्षांच्या अंतराने पुन्हा चाचणी घेतली होती. ज्यांनी मधल्या काळात जीपीएस जास्त वापरलं, त्यांची जागांविषयीची स्मरणशक्ती जास्त घटलेली दिसली. ही पाहणी मोजक्याच माणसांची होती, म्हणून तिच्यावरून घाबरून जाण्याचं कारण नाही. पण ज्या मित्राच्या घरी दहादा गेलो तिथे फोनशिवाय पोहोचता येत नाही, हा अनुभव आता कुणाला नवा राहिलेला नाही.

यात यंत्राचा दोष कमी आणि त्याच्या पडद्याचा जास्त. पाच इंचांच्या चौकटीत गाडी कायम मध्यभागी आणि पुढचं वळण तेवढं दिसतं. गाव कुठल्या नदीकाठी आहे, डोंगर डाव्या हाताला की उजव्या, हे त्या चौकटीत मावत नाही आणि चालकाला त्याची गरजही भासत नाही. त्याच फोनवर दोन बोटांनी नकाशा लहान करून, आवाज बंद ठेवून, निघण्यापूर्वी आख्खा प्रवास पाहता येतो. फारसं कुणी तसं करत नाही.

भारताने स्वतःची नाविक ही उपग्रहप्रणालीही उभारायला घेतली आहे. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, आणि देशी बनावटीचं अणुघड्याळ असलेला एनव्हीएस-०१ मे २०२३ मध्ये. वाटेत तिला अडचणीही बऱ्याच आल्या. सुरुवातीच्या उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बिघडली. तरी संकटकाळी दुसऱ्या देशाच्या मर्जीवर अवलंबून राहायचं नसेल, तर हा खटाटोप आवश्यकच. कोतूळच्या पुलाचा प्रश्न मात्र नाविकने सुटणारा नाही. तो जिल्हा परिषद, पाटबंधारे खातं आणि नकाशा कंपनी यांच्यामध्ये कुठेतरी पडून आहे.

तोवर गाडी चालवणाऱ्याने काही गोष्टी आपल्या हाती ठेवाव्यात. घाटात किंवा धरणाच्या मुलखात जायचं असेल, तर त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि राज्याचा एक छापील नकाशा गाडीत असू द्यावा. गावाचं नाव टाकताना तालुका, जिल्हा पाहावा. मैलाच्या दगडांकडे लक्ष असावं. वरून पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. ॲप मोठा रस्ता सोडून आडरस्त्याला चल म्हणत असेल आणि वेळ रात्रीची किंवा दिवस पावसाळ्याचे असतील, तर वाचणाऱ्या मिनिटांचा मोह सोडावा. दिवस असेल, तर फाट्यावर थांबून एकाला नव्हे, दोघांना विचारावं. आणि वाटेत एखादा पूल बुडालेला, रस्ता खचलेला दिसला, तर गाडी बाजूला घेऊन तो ॲपवर ‘बंद’ म्हणून कळवावा आणि ११२ वर फोन करावा. दोन्ही कामांना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.